कंत्राट कामाचे देता येते, कर्तव्याचे नाही

२९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातील कोंढव्यात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. झोपेत असलेले १५ जीव, त्यांत लहान मुलेही, ढिगाऱ्याखाली गेले. त्यांतील बहुतेक बिहारचे होते. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर चढविणारे अजस्र यंत्र खाली आले आणि २० जणांचा बळी गेला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतरचा विधी ठरलेला आहे. नेते भेट देतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि शवपेट्या शेकडो कोसांवरच्या एखाद्या खेड्याकडे रवाना होतात. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो: हा मजूर नेमका कोणाचा होता?

विकासक म्हणतो, मुख्य कंत्राटदाराचा. मुख्य कंत्राटदार म्हणतो, पेटी कंत्राटदाराचा. पेटी कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादमाचा भ्रमणध्वनी बंद असतो. भारतीय बांधकाम व्यवसायाची सारी अनास्था या बोट दाखविण्याच्या साखळीत सामावलेली आहे. कंत्राट दिले की केवळ काम नव्हे, तर धर्मही दुसऱ्याच्या माथी मारता येतो, असा समज या व्यवसायात रूढ झाला आहे. हा समज कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, आणि भारतीय जीवनदृष्टीच्या कसोटीवर तर मुळीच नाही.

कायदा मुका नाही

‘आम्हांला कायदा ठाऊक नव्हता’ ही सबब देण्याची सोय कोणालाही नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच स्पष्ट केले होते की, कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते मूळ मालकाने द्यावयाचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावयाचे. अपघाताच्या नुकसानभरपाईचे तत्त्व तर १९२३ च्या कायद्याइतके जुने आहे. जे काम मालकाच्या स्वतःच्या व्यवसायाचाच भाग आहे, ते त्याने कंत्राटदाराकरवी करवून घेतले तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागी किंवा जवळपास मजुरांच्या राहण्याची विनामूल्य सोय करावी, तेथे स्वयंपाक, स्नान व शौचाची व्यवस्था असावी, असे बजावले होते. ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले होते. हा कायदा अस्तित्वात येऊन २३ वर्षे झाल्यावर कोंढव्याची भिंत पडली! कायद्याला अपेक्षित असलेला निवारा आणि भिंतीच्या पायथ्याशी उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोल्या, या दोहोंतील अंतर १५ प्रेतांनी मोजले गेले.

न्यायालयांनीही आपले कर्तव्य बजावले आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी प्रेक्षागारे, उड्डाणपूल उभे राहत होते. त्या वेळी किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ती रक्कम मुकादमाच्या हाती देत, आणि मुकादम प्रत्येक मजुरामागे १ रुपया ‘दस्तुरी’ म्हणून कापून घेई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी आहे. काम कंत्राटदाराकडे सोपविले म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत, असेही न्यायालयाने सुनावले. या निकालाला चार दशके उलटली. मुकादमाची दस्तुरी अद्याप उलटलेली नाही. फरक इतकाच की, आता मजुराच्या बँक खात्यात पूर्ण रक्कम जमा होते आणि अनेक ठिकाणी त्याचे एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असते.

लुळी पडलेली कल्याणकारी तिजोरी

१९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेण्याची तरतूद केली. हा पैसा कामगारांच्या आरोग्यासाठी, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी, अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी वापरावयाचा होता. उपकर भरतो विकासक. परंतु अखेरीस तो सदनिकेच्या किमतीतूनच वसूल होतो. म्हणजे कर्ज काढून घर घेणाऱ्या प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाने आपले घर बांधणाऱ्या हातांसाठी हे दान दिलेले आहे. त्या दानाचे झाले काय?

महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या राज्यात या कायद्याचे नियम २००७ मध्ये आले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये. १५ वर्षे केवळ मंडळ स्थापन होण्यात गेली. त्या काळात येथे सत्तेवर कोण होते आणि त्यांच्या तोंडी ‘कष्टकऱ्यांचे राज्य’ ही भाषा किती वेळा येत होती, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. देशपातळीवरचे चित्र मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातून समोर आले. ३७,४०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते आणि कामगारांसाठी म्हणून खर्ची पडले होते जेमतेम ९,५०० कोटी. उरलेले पैसे तिजोरीत कुजत होते आणि ज्यांच्यासाठी ते जमविले, ते पुलांखाली झोपत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्यांना या निधीतून कामगारांच्या खात्यांत थेट पैसे जमा करण्याची सूचना केली. त्या वेळी मंडळांकडे सुमारे ५२,००० कोटी रुपये होते आणि सुमारे साडेतीन कोटी कामगार नोंदलेले होते. ज्यांची नोंद होती त्यांना काही मिळाले. ज्यांची नोंदच नव्हती, ते पोरांना खांद्यावर घेऊन महामार्गांवरून चालत निघाले. आपल्याच हातांनी बांधलेल्या महामार्गांवरून!

नोंद का नव्हती? कारण नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो देण्याचे काम कंत्राटदाराचे; पण दाखला दिला की तो मजूर आपला असल्याची कबुली दिल्यासारखे होते, मग भविष्यनिर्वाह निधी, विमा, भरपाई हे सारे मागोमाग येते. म्हणून खरा कामगार दाखल्यावाचून राहतो, आणि ज्याने आयुष्यात कधी थापी धरली नाही त्याला दलाल दाखला मिळवून देतो. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, भांड्यांचे संच वाटणे सोपे असते. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाची खरी नोंद करणे अवघड असते. जे अवघड तेच करावयाचे असते, याचे भान आज सत्तेत असलेल्यांनीही ठेवले पाहिजे. आपली माणसे सत्तेत आहेत म्हणून प्रश्न विचारावयाचे नाहीत, ही शिकवण दत्तोपंत ठेंगडी यांनी कार्यकर्त्यांना कधीच दिली नव्हती.

दोन आंधळ्या पोथ्या

या दुरवस्थेवर दोन पोथीनिष्ठ उत्तरे गेली अनेक दशके दिली जात आहेत. पहिले उत्तर डाव्यांचे. त्यांच्या मते मालक हा जन्मजात शत्रू आणि संघर्ष हाच एकमेव मार्ग. या विचाराने कामगारांचे भले किती झाले, याचा ताळेबंद गिरणगावाला विचारावा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची अधिकृत सांगता कधी झालीच नाही, आणि लाखो घरांतील चुली विझल्या. बांधकाम मजुरांकडे तर लाल बावट्याचे लक्ष फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी गेले. कारण उघड आहे. गिरणीला फाटक असते, फाटकावर सभा घेता येते. बांधकाम मजुराला फाटक नसते. आज खराडीत असलेला माणूस सहा महिन्यांनी पनवेलला असतो आणि पावसाळ्यात आपल्या गावी. फिरत्या माणसाला संघटित करण्यासाठी त्याच्या वस्तीत जाऊन बसावे लागते. मोर्चाच्या घोषणांनी ते साधत नाही. आणि जेथे संघटनेच्या नावाखाली काही गुंडपुंड पोचले, तेथे माथाडी चळवळीचे पवित्र नाव पुढे करून बांधकामांवर खंडणी वसूल करण्याचा धंदा उभा राहिला. अण्णासाहेब पाटलांच्या तपश्चर्येचा याहून मोठा अपमान कोणता?

दुसरे उत्तर बाजारपेठेच्या भक्तांचे. त्यांच्या मते सर्व दुखण्यांचे मूळ कामगार कायद्यांतच आहे. ते हटवा, की विकासाची गंगा वाहू लागेल. यातील अर्धसत्य मान्य केले पाहिजे. जुन्या कायद्यांच्या जंजाळाने प्रामाणिक छोट्या उद्योजकाला जेरीस आणले होते. प्रत्येक कायद्याची वेगळी नोंदवही, वेगळे विवरणपत्र, वेगळा निरीक्षक. ज्याचे हिशेब सरळ त्याला हेलपाटे, आणि ज्याचे वाकडे त्याची पाकिटाने सुटका. परंतु ‘कायदा जाचक आहे’ येथून ‘कर्तव्यच नको’ येथे उडी मारणे ही बौद्धिक अप्रामाणिकता आहे. परांचीवर चढणाऱ्या माणसाच्या कमरेला सुरक्षापट्टा असावा, हे सांगण्यासाठी कोणताही अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

या दोन्ही पोथ्या एकाच परकीय मुशीतून निघाल्या आहेत. इंग्रजांनी १८५९ साली केलेला करारभंगाचा कायदा पाहावा. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला त्यात तीन महिने सक्तमजुरीची सोय होती. मजुरी बुडविणाऱ्या मालकासाठी तशी शिक्षा मात्र नव्हती. हा एकतर्फी कायदा १९२५ पर्यंत जिवंत होता. याच्या उलट कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात दोन्ही बाजूंना बांधले आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्या सेवकाला १२ पण दंड, आणि वेतन न देणाऱ्या धन्याला देय वेतनाचा दहावा हिस्सा किंवा ६ पण दंड. गटाने काम करणाऱ्यांनी वेतन ठरल्याप्रमाणे अथवा समान वाटून घ्यावे, हेही तेथे सांगितले आहे. हक्क आणि कर्तव्य यांना एका तराजूत तोलणारी ही दृष्टी दोन सहस्रकांहून जुनी आहे. आणि आमचे विचारवंत कामगारनीतीचे धडे मँचेस्टर आणि मॉस्को येथून गिरवीत बसले!

कंत्राटदाराचीही बाजू आहे

न्यायाची भाषा करावयाची तर छोट्या कंत्राटदाराचे दुःखही मांडले पाहिजे. तो सर्वच ठिकाणी खलनायक नसतो. बहुधा तो काल गवंडी असलेला, चार पैसे साठवून आठ-दहा माणसांची टोळी बांधलेला मनुष्य असतो. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम, ही आमच्या सार्वजनिक बांधकामाची रीत. अंदाजपत्रकीय दरापेक्षा २०-२५ टक्के खाली दर भरणारा कंत्राटदार हा तोटा कोठून भरून काढणार? सिमेंट आणि पोलाद त्याला बाजारभावानेच घ्यावे लागते, वस्तू व सेवा कर भरावाच लागतो. कापता येण्याजोगी वस्तू एकच उरते: मजुराची मजुरी आणि त्याची सुरक्षा. अशी निविदा मंजूर करणारा अधिकारी आपल्या स्वाक्षरीने पुढील अपघातालाही मंजुरी देत असतो.

त्यावर थकलेल्या देयकांचा बोजा. काम पूर्ण होते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, आणि देयक महिनोन् महिने कोषागाराच्या वाटेवर अडकून पडते. महाराष्ट्रातील कंत्राटदारांना २०२५ मध्ये आपल्याच कामाच्या पैशांसाठी रस्त्यावर उतरावे लागले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन आहे. परंतु बांधकामासारखे ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ या संरक्षणाच्या कक्षेत येत नाही, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत लावला आहे. म्हणजे ज्याच्या पैशांवर सर्वाधिक चुली अवलंबून आहेत, त्याच्याच पाठीशी कायदा उभा नाही. मजुराचे वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्या, असे कायदा कंत्राटदाराला बजावतो, आणि स्वतः शासन मात्र त्याचे देयक वर्षभर लटकवून ठेवते. जो स्वतः ऋणको आहे, त्याने दुसऱ्याला सावकारी नीती शिकवू नये.

नव्या संहिता: स्वागत आणि सावधानता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. या पावलाचे स्वागतच केले पाहिजे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर उपदान, कोणत्याही रोजगारात किमान वेतनाचा हक्क, स्वतःहून परराज्यात आलेल्या मजुरालाही स्थलांतरित म्हणून मान्यता या गोष्टी दशकांपूर्वीच व्हावयास हव्या होत्या. सुरक्षेचे कर्तव्य न पाळल्याने मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि त्या दंडाचा निम्मा भाग वारसांना देण्याचा न्यायालयाला अधिकार, ही तरतूदही योग्य दिशेची आहे.

परंतु स्वागत म्हणजे डोळे मिटणे नव्हे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी केंद्रीय कायद्यात २० कामगारांपासून लागू होत. महाराष्ट्राने ही मर्यादा ५० वर नेली होती आणि आता देशभर ती ५० झाली आहे. बांधकामातील पेटी कंत्राटदाराकडे माणसे असतात किती? दहा, वीस, तीस. म्हणजे ज्या थरात शोषण सर्वाधिक, नेमका तोच थर या प्रकरणाबाहेर राहतो. उद्या १०० माणसांचे काम ४९, ४९ आणि २ अशा तीन नावांवर दाखविले जाणार नाही, याची हमी कोण देणार? १० कामगारांपासून लागू होणाऱ्या बांधकामविषयक तरतुदी कसोशीने राबविल्या, तरच ही फट बुजेल. उपकराची आकारणी मालकाने स्वतः करावयाची आहे. विश्वासावर उभी असलेली ही व्यवस्था चांगलीच, पण तपासणीवाचूनचा विश्वास हा लबाडाला दिलेला परवाना ठरतो. भारतीय मजदूर संघाने २०२० मध्येच वेतन व सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत करून उरलेल्या दोन संहितांतील तरतुदींवर आक्षेप नोंदविले होते. राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित यांचा एकत्र विचार करणाऱ्या संघटनेची ती रोखठोक भूमिका होती. तिला विरोधकांचा कांगावा म्हणून झटकून टाकणे सत्ताधाऱ्यांना शोभणारे नाही.

‘तो आमच्या घरातलाच’

२३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना करताना ठेंगडी यांनी वर्गसंघर्ष नाकारला आणि औद्योगिक परिवाराची कल्पना मांडली. ‘राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण, श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण’ हे तिचे सूत्र. या परिवारभावनेचा सोयीस्कर अर्थ काढणारेही थोडे नाहीत. ‘तो आमच्या घरातलाच आहे, त्याला कसले नेमणूकपत्र?’ असे म्हणणारा उद्योजक विश्वकर्मा जयंतीला हत्यारांची पूजा करतो, प्रसाद वाटतो, आणि मजूर जायबंदी झाला की हजेरीपत्रकातून त्याचे नाव खोडतो. घरातल्या माणसाचा विमा आधी उतरविला जातो. घरातल्या माणसाला पत्र्याखाली, भिंतीच्या आडोशाला झोपवीत नाहीत. परिवार ही जबाबदारी वाढविणारी कल्पना आहे, टाळणारी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली, ती त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होय. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, बांधकामावरील मजूर बहुतांशी त्याच समाजघटकांतून येतो, ज्यांच्याशी समरस होण्याचा संकल्प केला जातो. समरसतेची परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती हजेरीपत्रकावर होते.

म्हणूनच मागण्या स्पष्ट असाव्यात. अंदाजपत्रकापेक्षा अवाजवी कमी दराच्या निविदेत किमान वेतन व सुरक्षेचा खर्च कसा बसतो, हे लेखी सिद्ध करावयास लावावे. सुरक्षेचा खर्च निविदेतून वेगळा काढून त्यावर स्पर्धाच होऊ देऊ नये. पेटी कंत्राटदाराचे नाव मूळ करारात नोंदविल्याशिवाय त्याला कामावर पाय ठेवू देऊ नये. शासनाने देयक ठरावीक मुदतीत द्यावे, न दिल्यास व्याज द्यावे, आणि बांधकाम कंत्राटांना ४५ दिवसांचे संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून द्यावे. कल्याणकारी मंडळाने दलालांची वाट न पाहता मजूर अड्ड्यांवर आणि बांधकामांवर जाऊन नोंदणी करावी. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरावयाची व मंडळाने ती कामगाराला द्यावयाची, अशी पद्धत महाराष्ट्रातच घालून दिली. खंडणीखोरांना वगळून त्या पद्धतीचा बांधकामासाठी विचार करण्यास हरकत कोणती?

शासनाकडे बोट दाखविताना समाजानेही आरशात पाहावे. सदनिका घेताना चटईक्षेत्राचा इंच इंच मोजणारे कुटुंब ती बांधणाऱ्या मजुरांचा विमा होता काय, हे विचारीत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या रंगकामासाठी सर्वांत स्वस्त दरपत्रक निवडणारी समिती परांची आणि सुरक्षापट्ट्याची अट करारात घालीत नाही. संघपरिवारातील अभियंते, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, वकील, उद्योजक यांची संख्या लहान नाही. त्यांतील प्रत्येकाने आपल्या हातातील पुढील करारात वेतन, विमा, निवारा आणि सुरक्षा ही चार कलमे आग्रहाने घातली, मजुरांच्या वस्तीत नोंदणीचे एक शिबिर घेतले, तर निरीक्षकांच्या फौजेला जे साधले नाही ते साधेल. राष्ट्राचे वैभव उंच इमारतींनी मोजण्याची आज फॅशन आहे. ते वैभव खरे की खोटे, हे त्या इमारतींच्या पायथ्याशी झोपणारा माणूस सकाळी सुखरूप उठतो की नाही, यावरून ठरणार आहे.